सोमीची कवळी आणि काठीवरचं लगीन

सोमीचे वरचे चार दात हापशाने पाडले. ती हे असं सांगते, जणू हापसा तिच्यासाठी दबा धरून बसला होता. खरी गोष्ट एवढीच की पाड्यावरच्या बोअरचा हापसा तेव्हा अर्धा बिघडलेला होता. दांडा खाली माणसाने न्यायचा आणि वर तो स्वतःच्या मर्जीने यायचा. त्या सकाळी सोमी पाणी भरता भरता शेजारणीशी भांडत होती. भांडण रंगात आलं, मुद्दा पटवायला तिने दांड्यावरचा हात सोडला, आणि हापशाने आपलं मत मांडलं.

चार दात जागेवर गेले. उरलेल्यांतले काही हलत होते, ते दातांच्या मोफत शिबिरात डॉक्टरने काढून टाकले. महिन्याभराने तिच्या हातात गुलाबी टाळूची, पांढऱ्याशुभ्र दातांची कवळी आली. सोमीचा नवरा तुक्या दिवसाला मोजून चार-पाच वाक्यं बोलतो. त्यातलं एक त्याने त्या दिवशी कवळीवर खर्च केलं. म्हणाला, "तोंडात बगळा बसल्यासारखा वाटतो."

सोमी अठ्ठावन्न वर्षांची. घर आशागडच्या पूर्वेला, डोंगराला टेकून असलेल्या पाड्यावर. पावसाळ्यात भात आणि नागली, आणि उरलेलं वर्ष डहाणूच्या वाटेवरच्या फुग्यांच्या कारखान्यात. तिचं काम फुगे तपासायचं. फुगा नळीवर धरायचा, हवा भरायची, फुगा कानाशी न्यायचा आणि वारा सुटत असेल तर बाजूला टाकायचा. मध्यंतरी कारखान्यात हे काम करणारं एक यंत्र आणलं होतं. यंत्राने पास केलेल्या ढिगातून सोमीने एका दुपारी नुसत्या कानाने एकवीस नापास काढले. तेव्हापासून यंत्र एका कोपऱ्यात आहे आणि त्याच्यावर बायका डबे ठेवतात. बाजूला टाकलेले फुगे सोमी घरी आणते. तिच्या घरात तिखटाच्या डब्याचं झाकण, चार्जरची वायर, तुक्याची मोडकी छत्री, सगळं फुग्यांनी बांधलेलं आहे. कमरेच्या पिशवीत तंबाखू कमी आणि फुगे जास्त असतात.

पण तिचं नाव झालं ते लग्नांमुळे.

त्यांच्याकडे लग्नात दोन बाजू समोरासमोर बसतात आणि बायका गाण्यातून एकमेकींना नावं ठेवतात. मुलाची मावशी कशी चापून खाते, मुलीचा मामा बैलाला कसा घाबरतो, असलं सगळं. एका बाजूचं गाणं संपलं की ढोलवाला सावकाश तीन थापा मारतो. तिसऱ्या थापेच्या आत समोरून उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर ती बाजू हरली, आणि हरलेल्यांनी उभं राहून जिंकलेल्यांना ताडी ओतून द्यायची. जिंकलेले बसून पितात. ताडी कोणाची हा प्रश्नच नसतो; उभं कोण आणि बसलेलं कोण, एवढंच सगळे बघतात. आणि ते पुढची वीस वर्षं बारशापासून बाराव्यापर्यंत हरलेल्यांना ऐकवलं जातं.

चाळीस वर्षं सोमीची बाजू बसून प्यायली. पाड्यावर आजही एका ठरावीक खडकावर चढल्याशिवाय मोबाईलला रेंज येत नाही, पण सोमी अंगणात गायला लागली की ओढ्यापलीकडचे लोक कान झाकायचे. तिच्या शब्दांची भीती आवाजाहून जास्त होती. एका लग्नात नवऱ्याच्या काकाला तिने असं गायलं की तो माणूस भर मांडवातून उठून गेला आणि थेट कापणीला परत दिसला.

आणि मग गेल्या दिवाळीनंतर तिच्या भाचीची, रोशनीची सुपारी फुटली.

रोशनी सोमीच्या भावाची, पांड्याची मुलगी. डहाणू रोडला एका सेवा केंद्रात बसते आणि दिवसभर लोकांचे फॉर्म भरते. मुलगा मसोलीचा, धनेश. आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, शांत, आणि खिशात नेहमी टेस्टर. धनेशची आई त्याच्या लहानपणीच गेली, त्याला वाढवलं मावशीने. मावशीचं नाव शुक्री. चिकूच्या वाडीत मजूर बायकांची मुकादम म्हणून तिने पंचवीस वर्षं काढली आहेत, बोलताना मध्येच गुजराती पेरते, आणि पन्नास बायकांना एका नजरेने झाडावर चढवते असं मसोलीत म्हणतात.

सुपारीला शुक्रीच्या अंगणात दोन्ही बाजू बसल्या. शुक्रीने पहिलं गाणं म्हटलं, साधंच, हात सैल करायला. ढोलावर पहिली थाप पडली. सोमी उठली, पदर खोचला, मान मागे टाकली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने पूर्ण ताकदीने पहिला सूर लावला. सूर बाहेर आला. त्याच्यासोबत कवळीही आली. ती हवेत एक गिरकी घेऊन शुक्रीच्या मांडीवर, बताशांच्या ताटलीत पडली.

शुक्रीने कवळी उचलली, तिला चिकटलेला बताशाचा तुकडा काढला, कवळी पदराने पुसली आणि पुढे धरली.

"घे विहीणबाई," ती म्हणाली. "नवरीच्या आधी तुझे दातच आमच्याकडे नांदायला आले."

दुसरी थाप पडली, तिसरी पडली. सोमी तोंडावर हात धरून उभी होती. पांड्या आणि त्याचे भाऊ उठले आणि त्यांनी उभं राहून ताडी ओतली. कोणीतरी सगळं मोबाईलवर घेतलं होतं. तो व्हिडिओ आठवड्याभरात तलासरीच्या बाजारात पोचला, आणि तिथून कोणीतरी तो पाड्याच्या ग्रुपवर परत पाठवला, वर हसरे चेहरे लावून.

त्या दिवसापासून सोमी गायली नाही. हसताना तोंडावर पदर घ्यायला लागली. होळीनंतर लग्न ठरलं होतं. तिने भावाला सांगून टाकलं, "मी गाणार नाही. तुषारचा डीजे लाव, त्याला दात नसतात."

"आत्या, डीजे काय उत्तर देणार?" रोशनी म्हणाली. "तिकडून मावशी गायली की इकडे तुषार हिंदी गाणं लावणार?"

"लावू दे."

"आणि मग बाबा परत उभे राहणार. मला मसोलीत आयुष्य काढायचंय. रोज सकाळी चहा देताना ती मला विचारणार, उभी राहून देतेस की बसून."

"मग कवळी न घालता गा," तुक्या म्हणाला. हे त्याचं त्या दिवशीचं शेवटचं वाक्य होतं.

सोमीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला दुसऱ्या दिवशीचीही वाक्यं गिळावी लागली. कवळीशिवाय तिचं तोंड आत जायचं, ओठ घडी पडल्यासारखे दिसायचे. कारखान्यातल्या पोरी बघतील, मसोलीचे लोक परत मोबाईल काढतील. शिवाय दातांविना शब्द ओले होतात, निसटतात. चाळीस वर्षं जिच्या शब्दाला धार होती तिने आता शेवया गाळाव्यात का, असं तिचं म्हणणं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात धनेशने अकरा पास आणून दिले. मुंबईहून बाहुल्यांच्या संगीत नाटकाची एक मंडळी गावोगाव फिरत होती. नाटकाचं नाव 'काठीवरचं लगीन'. डहाणू रोडच्या एका शाळेच्या सभागृहात रविवारी दुपारी तीनचा प्रयोग होता, आणि दिवे-माइकचं काम धनेशकडे आलं होतं. मंडळींची शिडी बोईसरला विसरली होती, म्हणून धनेशने स्वतःची दिली आणि त्या आनंदात त्यांनी पास दिले.

"लाकडाच्या बाहुल्यांचं लगीन बघायला एवढ्या लांब कोण जाईल," सोमी म्हणाली, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली.

सभागृहात मधोमध जायची वाट होती. शुक्री आणि मसोलीची मंडळी आधीच येऊन डावीकडे बसली होती. सोमी, तुक्या, रोशनी आणि पाड्यावरचे लोक काही न ठरवता उजवीकडे बसले. पासवर खुर्च्यांचे नंबर होते, ते कोणीच पाहिले नाहीत. मुलाची बाजू डावीकडे, मुलीची उजवीकडे. उजवीकडच्या खुर्च्या ज्यांच्या होत्या ते एक शिक्षक दांपत्य बिचारं मागे जाऊन बसलं.

नाटकाच्या आधी पाहुणे आले. समई लावताना सात काड्या पंख्याच्या वाऱ्याने विझल्या, शेवटी धनेशने पंखे बंद केले. मग नारळ फुटेना. पाहुण्यांनी तीनदा आपटला, चौथ्यांदा नारळ घरंगळत शुक्रीच्या पायाशी आला आणि तिने तो पायरीच्या कडेवर एकाच फटक्यात फोडून परत दिला. पाहुण्यांनी भाषणात लोककला जिवंत ठेवली पाहिजे असं चार वेळा सांगितलं आणि प्रयोग सुरू व्हायच्या आत निघून गेले, कारण त्यांना ती आणखी दोन ठिकाणी जिवंत ठेवायची होती.

मग पंखे सुरू झाले, दिवे मंद झाले, आणि पेटीचा सूर आला.

कमरेएवढ्या पडद्याच्या वर बाहुल्या आल्या. हातभर उंच, कागदाच्या लगद्याची डोकी, खाली एक जाड काठी आणि हातांना दोन बारीक सळ्या. मागे काळ्या कपड्यांतली माणसं दिसत होती, पण दोन मिनिटांत ती दिसेनाशी झाली. मंडळींची प्रमुख सुषमा नावाची बाई होती, आणि नवरीच्या आत्याची बाहुली तीच नाचवत होती. बाहुल्यांच्या जबड्यात युक्ती होती. दोरी ओढली की जबडा खाली, सोडली की आतलं रबर त्याला वर खेचणार.

सोमी पुढे वाकली. "रोशनी, हिची पण कवळी आहे."

"आत्या, ती बाहुली आहे."

"दिसतंय मला. बसलीय बघ कशी घट्ट. हिला कोणत्या शिबिरात दिली?"

गोष्ट साधी होती. नवऱ्याला लग्न नको होतं, त्याला गाढव विकत घ्यायचं होतं. नवरीला नवरा नको होता, तिला ढोलकी शिकायची होती. दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांना मात्र लग्न हवंच होतं, कारण त्यांनी नवी लुगडी घेतली होती. नवऱ्याच्या बाहुलीला पाय नव्हते, नुसती काठी.

"सारू छे," शुक्री डावीकडून मोठ्याने म्हणाली. "पाय नाहीत म्हणजे पळून जाणार नाही."

"आमचा जावई पाय असून कुठे पळतोय," सोमी उजवीकडून पुटपुटली, आणि तिने दिव्यांच्या खोक्यापाशी बसलेल्या धनेशकडे बघितलं. सुपारीनंतर पहिल्यांदाच सोमी शुक्रीला काहीतरी म्हणाली होती, पण तोंडावर पदर धरून, त्यामुळे ते फक्त रोशनीने ऐकलं.

अर्ध्या तासाने मांडवाचा प्रसंग आला. एकीकडे नवऱ्याची मावशी, एकीकडे नवरीची आत्या, आणि मध्ये ढोलकीवाली बाहुली. मावशीच्या बाहुलीने कमरेवर हात ठेवून सुरू केलं,

"नवरीची आत्या गं, बसलीय ऐटीत,
अर्धं लाडवाचं ताट तिच्या पेटीत."

सगळं सभागृह हसलं. डावी बाजू जास्त हसली. नवरीच्या आत्याची बाहुली झोकात पुढे आली, मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि आत कुठेतरी बारीकसा आवाज होऊन रबर तुटलं. जबडा खाली गेला तो वर आलाच नाही. छातीवर लोंबकळत राहिला.

पडद्यामागे कुजबुज झाली. सुषमा बाहेर डोकं काढून म्हणाली, "मंडळी, दोन मिनिटं. आमच्या आत्याबाईंचा जबडा निसटलाय. कोणी जागा सोडू नका."

बाकी सगळ्यांसाठी ही दोन मिनिटांची विश्रांती होती. मागच्या रांगेत शेंगदाण्याच्या पुड्या उघडल्या. पहिल्या दोन रांगा मात्र जागच्या जागी गोठल्या. नवऱ्याच्या बाजूने गाणं म्हटलं होतं, नवरीच्या बाजूने तोंड उघडलं होतं, आणि तोंडातून काही आलं नव्हतं. हे सगळ्यांनी आधी एकदा पाहिलं होतं, काहींनी तर मोबाईलवर रोज.

शुक्री सावकाश वळली. तिने हाताची मूठ वळली आणि समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर एक थाप मारली.

"एक," ती म्हणाली.

"मावशी, नाटक आहे ते," धनेश मागून म्हणाला.

"लगीन ते लगीन."

सोमी त्या लोंबकळत्या जबड्याकडे बघत होती. बाहुली मान मागे टाकून तशीच उभी होती. तिला कोणी खाली घेतलं नव्हतं, कारण सुषमा दुसऱ्या हाताने रबर शोधत होती. डोळे रंगवलेले, त्यामुळे तिला लाज वाटत नव्हती. ती सरळ लोकांकडे बघत होती. सोमीला तिचा राग आला, मग दया आली, मग परत राग आला, आणि या वेळी तो शुक्रीचा होता.

खुर्चीवर दुसरी थाप पडली.

सोमी उभी राहिली. तिने तोंड उघडलं आणि कवळी हलली. तिने ती जिभेने धरली. तसं धरून गाता येत नाही. शुक्रीची मूठ वर गेली होती. मूठ खाली यायच्या आत सोमीने दोन बोटं तोंडात घातली, कवळी बाहेर काढली आणि शेजारी न बघता रोशनीच्या हातात दिली.

"धर," ती म्हणाली, आणि मान मागे टाकली.

"नवऱ्याची मावशी गं, आली नटून,
पावडर लावलीय पिठाच्या डब्यातून."

शब्द ओले होते. 'डब्यातून'मधला त थोडा घसरला. पण आवाज, चार महिने कोंडून ठेवलेला आवाज, माइकशिवाय छताच्या पत्र्याला जाऊन भिडला, आणि मागच्या रांगेत एकाच्या हातातली शेंगदाण्याची पुडी सांडली. पडद्यामागे कोणीतरी शहाणं होतं. पेटीवाल्याने तिचा सूर शोधला आणि ढोलकीवाल्याने ठेका धरला.

शुक्रीने मूठ उघडली. चेहऱ्यावर हात फिरवून पावडर आहे का ते बघितलं. मग उभी राहिली.

"नवरीची आत्या गं, फुगे फुगवते,
घरच्या नवऱ्याला वाऱ्यावर झुलवते."

सगळ्यांनी तुक्याकडे बघितलं. तुक्याने मान डोलावली.

"मसोलीची मावशी गं, घर हिचं रस्त्याला,
पाहुणा दिसला की कुलूप दाराला."

"डोंगरची आत्या गं, हिचं कालवण पातळ,
बुडी मारून शोधली तरी सापडेना डाळ."

आता लोक खुर्च्यांवरून उठून पुढे यायला लागले होते. शिक्षक दांपत्य आपल्या मूळ जागेच्या मागे येऊन उभं राहिलं होतं आणि शिक्षिकाबाई ओळी लिहून घेत होत्या. मोबाईल वर गेले होते. सोमीने ते पाहिले, आणि गंमत म्हणजे ते बघून तिने पदर आणखी घट्ट खोचला.

एवढ्यात धनेश गुडघ्यांवर रांगत मधल्या वाटेने आला. "आत्या, रबर आहे का? त्यांचं पाकीट शिडीबरोबर बोईसरला राहिलं."

सोमीने शुक्रीवरची नजर न काढता कमरेच्या पिशवीतून एक लाल फुगा काढून त्याला दिला. धनेशने कात्री काढली.

"मधून कापू नकोस," ती म्हणाली. "तोंडाकडची कडी काप. फुग्याचं पोट फुटतं, तोंड टिकतं."

धनेश रांगत परत गेला. समोर शुक्रीने श्वास घेतला. ती थोडी थांबली, आणि तिने काय ठरवलं ते सोमीला आधीच कळलं. इतके दिवस ज्या ओळीच्या भीतीने ती गप्प होती ती ओळ येत होती.

"नवरीची आत्या गं, हसते तोंड झाकून,
दात हिने आणले शिबिरातून मागून."

डाव्या बाजूने टाळी दिली. रोशनीने हातातली कवळी ओढणीत लपवली. तुक्याने डोळे मिटले.

सोमी हसली, आणि या खेपेला पदर तोंडावर गेला नाही. सगळ्या सभागृहाला तिच्या हिरड्या दिसल्या. तिने रोशनीचा हात धरून वर केला, ओढणी बाजूला सारली आणि कवळी सगळ्यांना दाखवली.

"माझे दात काढले तर रुमालात राहतात,
तुझे दात बाई गं दुसऱ्यांचं खातात."

शुक्रीने तोंड उघडलं. उत्तर तिच्याकडे होतं, पुढे तिने ते शपथेवर सांगितलंय आणि अजून सांगते. पण आधी हसू आलं. ते तिने दाबलं, तर ते नाकातून आलं. ती खुर्चीचा आधार घेऊन वाकली, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिने हाताने थांब थांब अशी खूण केली.

तुक्या उठला. लोकांना वाटलं तो बाहेर निघाला. तो दोन पावलं पुढे आला, शुक्रीच्या समोरच्या त्याच खुर्चीच्या पाठीवर त्याने एक थाप मारली आणि थांबला. बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला, तो पूर्ण जाऊ दिला. मग दुसरी मारली. शुक्री हसता हसता मान हलवत होती, "अरे थांब रे, थांब जरा, श्वास तर," आणि तुक्या थांबला, खरंच थांबला, मसोलीच्या ढोलवाल्यापेक्षा जास्तच थांबला, म्हणजे पुढे कोणी काही म्हणायला नको. मग त्याने तिसरी मारली.

"तीन," तो म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला.

पडद्यावर हालचाल झाली. नवरीच्या आत्याची बाहुली वर आली. जबडा जागेवर होता, आत लाल कडी दिसत होती. रबर नवं आणि ताठ, त्यामुळे तोंड आता खाडकन मिटत होतं. बाहुलीने दोन्ही हात जोडून सोमीला नमस्कार केला.

"आत्याबाई," सुषमाच्या आवाजात ती म्हणाली, "माझं गाणं तर तुम्ही म्हटलंत. आता मी काय करू?"

"तू नाच," सोमी म्हणाली. "बोलू नकोस. परत पडेल."

ढोलकी सुरू झाली आणि बाहुली नाचली. नवऱ्याला गाढव मिळालं, नवरीला ढोलकी मिळाली, लुगडी वाया गेली नाहीत. पण शेवटचा अर्धा तास पहिल्या दोन रांगांनी नीट पाहिला नाही, कारण नियम काय होता आणि हसणं म्हणजे गप्प राहणं का, यावर दबक्या आवाजात वाद चालू होता. शुक्रीचं म्हणणं हसणं हेच उत्तर. पाड्याचं म्हणणं, हसणं उत्तर होत असेल तर सुपारीला आम्ही रडून उत्तर दिलं असतं.

प्रयोग संपल्यावर आवारात चहा होता. मोठी किटली आणि कागदी कप. चहावाला ओतायला लागला तेव्हा शुक्री पुढे झाली आणि तिने त्याच्या हातून किटली घेतली.

"बसा," ती उजव्या बाजूच्या लोकांना म्हणाली.

ते आवारातल्या ओट्यावर ओळीने बसले. सोमी, तुक्या, पाड्यावरचे सगळे. शुक्रीने उभं राहून प्रत्येकाच्या कपात चहा ओतला. मसोलीच्या पुरुषांनी दुसरीकडे तोंड केलं, त्यांना हे अजून मान्य नव्हतं. रोशनी उभी होती, तिला कोणत्या बाजूला बसायचं ते कळत नव्हतं, शिवाय तिच्या एका हातात कवळी होती.

"तू पण बस," शुक्री तिला म्हणाली. "अजून महिना आहे. तोवर तू त्यांचीच. होळीनंतर मला परत उभी करून दाखवा म्हणावं त्यांना, तेव्हा बघू."

सुषमा बाहुली घेऊन बाहेर आली आणि तिने ती सोमीच्या हातात दिली. सोमीने काठी धरली, दोरी ओढली, सोडली. जबडा खाली गेला, वर आला. तिने कडी बोटाने दाबून पाहिली, बाहुली कानाशी नेऊन पुन्हा एकदा मिटवली, आणि पास केली.

"सहा महिने चालेल," ती म्हणाली. "मग परत या. फुगे आहेत."

मग ती रोशनीकडे वळली, कवळी घेतली, चहाच्या वाफेवर जरा धरली आणि रुमालात गुंडाळली. शुक्री किटली ठेवून शेजारी येऊन टेकली. मसोलीच्या बाजूने एक जण आत्ताच घेतलेला व्हिडिओ बघत होता, त्यातून सोमीचा आवाज बारीक होऊन येत होता.

"लग्नाला दात घालून ये," शुक्री म्हणाली. "फोटोत बरे दिसतात."

"आणि गाताना?"

"गाताना काढ."

"काढून ठेवू कुठे? रोशनी बोहल्यावर असेल. ह्याच्याकडे दिले तर हा हरवणार."

तुक्याने ते नाकारलं नाही.

"माझ्या मांडीवर ठेव," शुक्री म्हणाली. "त्यांना जागा ठाऊक आहे."

सोमीने तिच्याकडे बघितलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण आवारात ढोल नव्हता, थापा मोजायला कोणी उभं नव्हतं, आणि कपात अजून चहा होता. तिने ते होळीनंतरसाठी ठेवलं.